कोरिओग्राफी टिकू द्या

दर तीन महिन्यांनी ग्रुप फिटनेसच्या जगात तोच वाद नव्याने पेटतो. नवं रिलीज येतं. आधीच बसवलेल्या दहा-एक ट्रॅकची कोरिओग्राफी, वर्गासाठी कापून-जोडून घेतलेलं संगीत, सोबत व्हिडिओ आणि नोट्स असा सगळा संच प्रशिक्षकांच्या हाती पडतो आणि लगेच दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं असं की दुसऱ्याने रचलेल्या हालचाली पाठ करून करून दाखवणं ही पोपटपंची आहे. खरा प्रशिक्षक आपला वर्ग आपणच रचतो. दुसरी बाजू म्हणते की लोकांना सतत नवीन हवं असतं, तेच ते करून ती कंटाळतात, म्हणून दर तिमाहीला सगळं बदललंच पाहिजे. मग गाडी गाण्यांवर घसरते. स्क्वॉटचं गाणं दमदार नाही, मूळ गायिकेऐवजी भलताच आवाज का, मागच्या वेळची लंजेस (एक पाय पुढे किंवा मागे टाकून गुडघे वाकवणं) किती छान होती. महिनाभर हे चालतं आणि वर्गाला येणाऱ्या माणसाच्या गुडघ्याचं, पाठीचं, ताकदीचं काय होतं हा प्रश्न तसाच राहतो.

ठरलेली कोरिओग्राफी चांगली असते आणि ती चांगली असते ती पुनरावृत्तीमुळे, असं माझं ठाम मत आहे. तेच ट्रॅक, त्याच क्रमाने, त्याच तालात पुन्हा पुन्हा करता येणं हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण. विरोधक नेमक्या त्यालाच दोष म्हणतात. समर्थकांची चूक तर जास्त मोठी आहे: ते हा गुण सोडून नावीन्याची ढाल पुढे करतात आणि तीन-तीन महिन्यांनी आपल्याच हाताने तो गुण पुसून टाकतात.

आधी पोपटपंचीचा आरोप घेऊ. त्यात तथ्य आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. स्टुडिओत बसून रचलेल्या कोरिओग्राफीला समोर कोण आलंय ते दिसत नाही. आज पहिल्या रांगेत साठीच्या बाई आहेत, मागे गुडघ्याला पट्टी बांधलेला तरुण आहे, मध्ये चार जण आयुष्यात पहिल्यांदा बार (बार्बेल, म्हणजे प्लेट लावायचा दांडा) उचलणार आहेत, हे कोणत्याही नोट्समध्ये लिहिलेलं नसतं. फ्रीस्टाइल, म्हणजे स्वतः रचलेला वर्ग, शिकवणारा कसलेला प्रशिक्षक हे पाहून वर्ग जागच्या जागी वळवतो. ते कौशल्य मोठं आहे, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही.

पण फ्रीस्टाइलच्या बाजूने बोलणारे नेहमी त्यातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचं उदाहरण देतात आणि ठरलेल्या वर्गातला सर्वांत कंटाळवाणा प्रशिक्षक शेजारी उभा करतात. ही तुलना न्याय्य कशी? स्टेप एरोबिक्सचं काय झालं ते आठवून पाहा. १९८० च्या दशकात हाय-इम्पॅक्ट (उड्यांच्या) एरोबिक्सने नडग्या आणि पावलं दुखवली, आणि वर्गाला येणाऱ्यांपेक्षा शिकवणाऱ्यांची जास्त दुखवली. त्यावर उतारा म्हणून त्या दशकाच्या शेवटी स्टेप पुढे आली: चार ते आठ इंचांचा फलाट, वर चढा, खाली उतरा, एक पाय सतत आधाराला. सुरुवातीचा वेग होता मिनिटाला १२० बीटच्या आसपास. तेवढ्या वेगात पूर्ण तळवा फलाटावर टेकतो आणि उतरताना टाच जमिनीला लागते. पुढच्या काही वर्षांत वेग १३० च्या पार गेला, फलाटाभोवती गिरक्या आल्या, एकात एक गुंफलेली कॉम्बिनेशन्स आली. हे कुणी कंपनीने लादलं नव्हतं. आपापला वर्ग रचणाऱ्या हुशार प्रशिक्षकांनी एकमेकांवर ताण करत ते वाढवलं. रोज येणारे खूश होते. नवा माणूस मात्र दहा मिनिटांत दाराकडे बघू लागे. स्टेपचे वर्ग पुढे ओसरले त्याची कारणं अनेक असतील. त्यातलं एक मोठं कारण हेच, असं मी समजतो.

आणि ठरलेला क्रम ही काही परवाची टूम नाही. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला जिम्नॅस्टिक्सची संस्था काढली. तिथली पद्धत युरोपभर पोचली त्यामागे व्यायामांचे आखीव तक्ते होते. सामान्य शिक्षकालाही ते हातात घेऊन वर्ग चालवता येत असे. ‘यांत्रिक’ हा शेरा त्या पद्धतीलाही मिळाला. १९६९ मध्ये जुडी शेपर्ड मिसेट यांनी जॅझरसाइज हा नृत्य-व्यायामाचा वर्ग सुरू केला आणि पुढे आपल्या कोरिओग्राफीच्या व्हिडिओ कॅसेट प्रशिक्षकांना पाठवायला लागल्या. न्यूझीलंडच्या लेस मिल्स कंपनीने १९९० च्या दशकात बार्बेलच्या वर्गाला हाच साचा दिला. या सगळ्यांमागचा विचार एकच: चांगला वर्ग एखाद्या असामान्य माणसाच्या हजेरीवर अवलंबून राहू नये.

आता प्रत्यक्ष वर्गात काय घडतं ते पाहू. हालचाल बदलण्याआधी निदान चार बीट सूचना द्यावी लागते. १४० बीपीएमच्या (मिनिटाला १४० बीटच्या) गाण्यात चार बीट म्हणजे १.७ सेकंद. एवढ्यात कोणता पाय, कोणती दिशा आणि कोणती हालचाल हे सगळं तोंडातून बाहेर पडायला हवं, तेही आरशासारखं उलटं करून, कारण वर्गाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचा डावा तो लोकांचा उजवा. ही पहिली पातळी. यानंतर दुसरी: गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा, छाती वर, वजन टाचेवर. मग तिसरी: जोर, हुरूप, अजून आठ. कोरिओग्राफी नवी असते तेव्हा प्रशिक्षकाचं डोकं पहिल्या पातळीतच अडकतं. डोळे उघडे असतात, पण नजर आत असते; पुढे कोरस (धृपद) येतोय की ब्रिज (गाण्यातला मधला वेगळा तुकडा), याच्या हिशेबात. तिसऱ्या रांगेत कुणाची कंबर गोल होतेय ते दिसतच नाही. जो पाठ झालेलं शिकवतो तो पोपट, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की पाठ झाल्यावरच माणूस वर्गाकडे बघायला मोकळा होतो.

म्हणजे समोरच्या माणसाप्रमाणे वर्ग वळवण्याची जी मागणी फ्रीस्टाइलवाले करतात, ती ठरलेल्या रचनेतही पुरी होते; फक्त तिथे काउंट (मोजायचे ठोके) तेच ठेवून बाकीचं बदलायचं असतं. उडीच्या जागी त्याच चार काउंटमध्ये पाऊल बाजूला टाकून परत आणता येतं. स्क्वॉटची खोली अर्ध्यावर थांबवता येते. बारवरच्या प्लेट काढून नुसत्या बारवर करता येतं. लंज मागे टाकण्याऐवजी जागच्या जागी पाय पुढे-मागे ठेवून वर-खाली होता येतं. हे पर्याय योग्य क्षणी, योग्य माणसाला, त्याला ओशाळं न करता सुचवणं हेच प्रशिक्षकाचं काम. आणि ते जमतं कधी? साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून. तोवर पुढच्या रिलीजची तारीख जाहीर झालेली असते.

वर्गाला येणाऱ्याच्या बाजूनेही हाच हिशेब मांडू. फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडलेली कौशल्य शिकण्याच्या तीन टप्प्यांची मांडणी आजही शिकवली जाते. आधी माणूस प्रत्येक हालचाल विचार करून करतो, मग चुका कमी होत जातात, शेवटी हालचाल अंगवळणी पडते. पहिल्या टप्प्यातला माणूस वर्गात लगेच ओळखू येतो: अर्धा काउंट उशिरा, हात अर्धवट, नजर शेजाऱ्याच्या पायावर. त्याचा श्वास फारसा फुललेला नसतो, कारण अडखळत, थांबत, बघत केलेली हालचाल पूर्ण ताकदीने होत नाही. दर तिमाहीला सगळे ट्रॅक एकदम बदलले, तर आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माणसाचे पहिले तीन-चार वर्ग याच अडखळण्यात जातात. जो आठवड्यातून एकदाच येतो त्याचा महिना जातो. याला व्यायाम म्हणायचं की दर तीन महिन्यांनी नवी नोकरी लागल्यासारखं प्रशिक्षण?

बार्बेलच्या वर्गात तर नुकसान आणखी खोल आहे. ताकद वाढायची तर भार हळूहळू वाढला पाहिजे, याबद्दल कुणाचं दुमत नाही. पहिल्या काही आठवड्यांतली वाढ मुख्यतः मज्जासंस्था सरावल्यामुळे होते. स्नायूंचा आकार जाणवण्याइतका बदलायला साधारण सहा-आठ आठवडे लागतात. भार वाढवायचा तर आधीच्या भाराशी तुलना करता आली पाहिजे. समजा, मागच्या रिलीजच्या स्क्वॉट ट्रॅकमध्ये तीन काउंट खाली, एक काउंट वर असा ताल जास्त होता आणि कुणी १५ किलोवर तो पुरा करत होता. नव्या ट्रॅकमध्ये दोन-दोन जास्त आहे, तळाशी अर्ध्या उठाबशा आहेत, गाणं चाळीस सेकंदांनी लांब आहे. आता १५ किलो जड गेले तर तो माणूस कमजोर झाला की ट्रॅक अवघड आहे? कुणालाच सांगता येत नाही. मग सगळे सावधपणे प्लेट काढतात, आणि परत चढवायला बरेच जण विसरतात. ट्रॅक टिकला असता तर प्रत्येक बाजूला सव्वा किलो चढवून, म्हणजे एकूण अडीच किलो, तोच ट्रॅक पुरा होतो का, एवढं पाहिलं की काम झालं होतं. मोजपट्टीच दर तिमाहीला बदलली तर वाढ मोजणार कशी?

नावीन्याच्या बाजूने दिली जाणारी कारणं उडवून लावण्यासारखी नाहीत. कंटाळून सोडून गेलेल्या माणसाला उत्तमातल्या उत्तम रचनेचाही उपयोग नाही. येत राहणं हाच पहिला व्यायाम. शिवाय एक कारण असं आहे की ते बाहेरच्यांना सहसा सुचत नाही आणि शिकवणारे सगळे जाणतात: आठवड्याला दहा-दहा वर्ग घेणाऱ्या प्रशिक्षकाचं शरीर. त्याच उड्या, तोच आघाडीचा पाय, त्याच खांद्यावर तेच प्रेस, तीन महिने. ट्रॅक बदलला की ताण दुसरीकडे सरकतो, दुखऱ्या जागेला उसंत मिळते. आणि परवान्यांचा भाग आहेच. वर्गात संगीत वाजवण्याचे हक्क, ते किती काळासाठी मिळाले, कोणत्या ध्वनिमुद्रणाचे मिळाले, यावर रचनाकारांचे हात बांधलेले असतात. कव्हर आवृत्त्या, म्हणजे दुसऱ्याने गायलेली तीच गाणी, येतात त्या बहुतेक वेळा याच कारणाने. कुणाच्या कानात दोष असतो म्हणून नव्हे.

तरीही यातून ‘सगळं एकदम बदला’ हा निष्कर्ष निघत नाही. कंटाळा येतो तो कशाचा, हे कुणी नीट पाहतच नाही. स्क्वॉटचा कंटाळा आला म्हणणाऱ्याला तोच स्क्वॉट, तोच ताल, पण दुसऱ्या गाण्यावर द्या. नव्वद टक्के तक्रार तिथेच मिटते. माणसाला कंटाळा येतो तो चालीचा, शब्दांचा, प्रशिक्षकाच्या त्याच त्या वाक्यांचा. मांडीच्या स्नायूंना गाणं ऐकू येत नाही. १२८ बीपीएमचं आणि सारख्या बांधणीचं दुसरं गाणं सापडलं, तर कोरिओग्राफीला धक्का न लावता ते बदलता येतं. प्रशिक्षकाच्या शरीराचं म्हणाल, तर त्याचा खरा उपाय मंचावरून खाली उतरणं हा आहे. दहापैकी सगळ्या वर्गांत प्रत्येक आवर्तन स्वतः करण्याची सक्ती कुणी केली? पहिला कोरस करून दाखवायचा, लोक तालात आले की बार खाली ठेवून रांगांमधून फिरायचं, कोपर धरायचं, नजरेने शाबासकी द्यायची. पण हे करायला वर्गाला ट्रॅक माहीत असावा लागतो. नव्या ट्रॅकमध्ये प्रशिक्षक खाली उतरला की वर्ग विस्कटतो. नावीन्यच त्याला मंचाला बांधून ठेवतं आणि त्याच्या गुडघ्यांची झीज वाढवतं.

इथे जपानच्या रेडिओ व्यायामाचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. १९२८ मध्ये तो सुरू झाला, युद्धानंतर काही काळ बंद पडला आणि १९५१ पासून आजच्या रूपात चालू आहे: पियानोची तीच धून, तेरा हालचाली, तीन मिनिटांच्या आसपास. सात दशकं उलटून गेली, नवं रिलीज नाही. शाळकरी पोरं करतात, आजी-आजोबा करतात. कंटाळा हा जर इतका अटळ नियम असता, तर हे टिकलं कसं? अर्थात, हे उदाहरण जसंच्या तसं उचलता येणार नाही. तीन मिनिटांच्या त्या व्यायामात भार वाढत नाही, आणि ताकद वाढवणं हा त्याचा हेतूही नाही. आपल्या वर्गात हालचालींचा साचा टिकायला हवा आणि भार चढता हवा. आज नेमकं उलट होतं: साचा बदलत राहतो आणि भार जिथल्या तिथे.

आता संगीत. वाद सगळ्यांत जास्त यावरच होतो आणि सगळ्यांत वाईट पद्धतीने. गाणं आवडलं की नाही, यापलीकडे कुणी जात नाही. वर्गासाठी गाण्यात आधी तीन गोष्टी बघायला हव्यात: वेग, बांधणी आणि कळस कुठे येतो ते.

वेगाचा हिशेब सोपा आहे. १२८ बीपीएमला ३२ काउंटचा एक ब्लॉक बरोबर १५ सेकंदांत होतो. पाच मिनिटांच्या ट्रॅकमध्ये असे २० ब्लॉक बसतात. दोन काउंट खाली, दोन वर अशा तालात एक स्क्वॉट १.९ सेकंदांत होतो आणि पाच मिनिटं न थांबता केले तर १६० होतात. गाणं १३८ चं घेतलं की तेवढ्याच वेळात १७२ होतात आणि प्रत्येकाला १.७ सेकंदच मिळतात. कागदावर फरक क्षुल्लक. उंच माणसाच्या बाबतीत नाही. लांब मांडी तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापते, म्हणून तो आधी खोली कमी करतो, मग खालून उसळी मारून वर येऊ लागतो. त्या उसळीचा भार गुडघ्यावर जातो. उड्यांच्या ट्रॅकमध्ये हे आणखी ठळक दिसतं. १६० बीपीएमला दोन काउंटची एक उडी पाऊण सेकंदात आटपावी लागते. टाच टेकायला वेळच उरत नाही, सगळं वजन पंजावर आणि पोटरीवर. १९८० च्या दशकातल्या दुखऱ्या नडग्यांनी हा धडा एकदा शिकवला आहे. तो पुन्हा शिकायची गरज आहे का?

बांधणीची गोष्ट जास्त सूक्ष्म आहे आणि रचनाकारांचीही इथेच गफलत होते. लोकप्रिय गाण्यात कोरस बहुधा तीनदा येतो. माणसाला पाय दोन. कोरस दोन ब्लॉकचा धरा आणि लंजच्या ट्रॅकमध्ये सर्वांत अवघड भाग, म्हणजे एक काउंट खाली, एक वर, कोरसवर ठेवलेला आहे असं समजा. पहिला कोरस उजव्या पायावर, दुसरा डाव्या पायावर, तिसरा? तो उजव्यावर गेला, तर उजव्याचे चार ब्लॉक होतात आणि डाव्याचे दोन. एका ब्लॉकमध्ये १६ आवर्तनं, म्हणजे एका वर्गात ३२ चा फरक. आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे, तर ७६८. याचा उपाय अवघड नाही: शेवटचा कोरस दुप्पट करून दोन्ही पायांना सारखा वाटायचा, किंवा प्रत्येक कोरसच्या मध्यावर पाय बदलायचा. पण त्यासाठी गाणं आधी कागदावर ब्लॉकमध्ये मांडून बघावं लागतं. मूळ गाण्यांत कुठेतरी १६ काउंटचा ब्रिज असतो, कुठे गायिकेने श्वास घ्यायला चार काउंट जास्त सोडलेले असतात. ते कापले नाहीत तर सबंध वर्ग अर्ध्या ब्लॉकने मागे पडतो आणि जोमदार कोरस सुरू होतो तेव्हा लोक अजून पाय बदलत असतात. याला लोक ‘गाण्यात मजा नाही’ म्हणतात. मजा गाण्यात होती. काउंट चुकले होते. म्हणून मूळ आवाज की कव्हर हा वाद मला दुय्यम वाटतो. पहिला काउंट खणखणीत ऐकू येतो का, आणि ढोल गायब होणारा भाग किती लांब आहे, हे मी आधी ऐकेन. १६ काउंट ताल नसेल तर मागच्या रांगा हमखास भरकटतात.

कळसाचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. शेवटचा कोरस येतो तेव्हा गाणं सर्वांत जोरात असतं आणि स्नायू सर्वांत थकलेले. रचनाकाराला मोह होतो की इथेच वेग दुप्पट करावा, इथेच बार जमिनीवरून खांद्यापर्यंत उचलून डोक्यावर न्यावा. व्हिडिओत ते फार देखणं दिसतं. वर्गात मात्र याच वेळी पाठ गोल होते, मनगट मागे पडतं, बार शरीरापासून दूर जातो. संगीत माणसाला पुढे ढकलतं, हे १९११ मध्येच लिओनार्ड आयर्स यांनी नोंदवलं होतं: सहा दिवसांच्या सायकल शर्यतीत बँड वाजत असताना सायकलस्वार जास्त वेगाने जात होते. क्रीडा मानसशास्त्रज्ञ कॉस्टास कराजॉर्गिस यांच्या संशोधनातून हे पुढे जास्त स्पष्ट झालं की हलक्या आणि मध्यम तीव्रतेच्या व्यायामात संगीताने श्रम कमी वाटतात, पण तीव्रता फार वाढली की तो परिणाम ओसरतो; तेव्हा शरीराचं म्हणणंच मोठ्याने ऐकू येतं. म्हणजे शेवटच्या कोरसला गाणं दुःख झाकत नाही, फक्त थांबू देत नाही. तिथे अवघड तंत्राची हालचाल ठेवणं चुकीचं आहे. तिथे साधी, पक्की, माहितीची हालचाल हवी: रुंद स्क्वॉट, दोन-दोनच्या तालात, हवा तेवढा जोर लावून. तांत्रिक उचल दुसऱ्या कडव्यात ठेवावी, अंग गरम असतं आणि डोकं ताजं असतं तेव्हा.

आवाजाबद्दलही बोललं पाहिजे, कारण गाण्यांवर भांडणारे यावर अवाक्षर काढत नाहीत. कामाच्या जागी ८५ डेसिबल आठ तासांपर्यंत चालतात, अशी अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे, आणि दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. ९४ डेसिबलला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. दिवसाला तीन वर्ग घेणाऱ्या प्रशिक्षकाने हे गणित स्वतःच करावं. आवाज दोन पायऱ्या खाली आणला की सूचनाही स्पष्ट ऐकू येतात आणि घसा वाचतो.

मग नवं रिलीज आलं की करायचं काय? ते नाकारायचं कारण नाही; एकदम ओतायचं कारणही नाही. बार्बेलच्या वर्गात वॉर्म-अप, बायसेप्स आणि पोटाचा ट्रॅक पहिल्या आठवड्यापासून नवा घ्यावा; तिथे चुकलं तरी बिघडत नाही आणि ताजेपणा लगेच जाणवतो. छाती, खांदे, ट्रायसेप्स तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, एकेक करून. स्क्वॉट, पाठ आणि लंज हे मोठे ट्रॅक मात्र निदान बारा आठवडे हलवू नयेत, आणि जमलं तर एक तिमाही सोडून बदलावेत. बदलाच्या पहिल्या वर्गात त्या ट्रॅकपुरता भार मुद्दाम कमी करायला सांगावा आणि कोणत्या आठवड्यात परत चढवायचा तेही त्याच दिवशी सांगून टाकावं, नाहीतर उतरलेल्या प्लेट उतरलेल्याच राहतात. प्रशिक्षकाने नवा ट्रॅक पाठ करताना हालचालींपासून सुरुवात करू नये. आधी नुसतं गाणं ऐकावं, ब्लॉक मोजून लिहावेत, ब्रिज कुठे आहे ते अधोरेखित करावं, मग त्यावर हालचाल बसवावी आणि शेवटी सूचना मोठ्याने म्हणून बघाव्यात, कारण मनात वेळेवर येणारी सूचना तोंडातून दोन बीट उशिरा येते.

रचनाकारांकडून मागणी करायचीच तर आवडत्या गायिकेची करू नये. प्रत्येक ट्रॅकच्या नोट्समध्ये वेग किती, उजव्या आणि डाव्या बाजूला किती आवर्तनं, आणि बारवरचं वजन न बदलता तो कोणत्या जुन्या ट्रॅकच्या जागी बसतो, हे लिहिलेलं असावं. एका ओळीत मावेल एवढाच हा मजकूर आहे.